‘दाखला घेऊन जा’ असं शाळेने सांगितलं तर

नमस्कार ताई,

आम्ही कळव्याला राहतो. माझी मोठी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे, प्रमाणपत्रावर ५० टक्के लिहिलंय. पहिलीपासून ती साध्या मराठी शाळेत आहे. बाई चांगल्या मिळाल्या, आजवर निभावलं. आता नववी संपत आली आणि मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, ‘दहावी हिला झेपणार नाही. दाखला घेऊन जा, विशेष शाळेत घाला. आमचा दरवर्षी शंभर टक्के निकाल असतो.’ मिस्टर म्हणतात, कशाला जिवाला त्रास, घरी राहू दे, आपण आहोत, पुढे धाकटा आहेच. नणंद म्हणते, मुलीची जात, बाहेर कामाला कशी धाडणार? एका खासगी संस्थेने बेकरीचा वर्षभराचा कोर्स सुचवलाय. फी ८५ हजार, नोकरीची हमी देतात.

ती वाचते, पण हळू. हातच्याची वजाबाकी चुकते. काट्यांचं घड्याळ कळत नाही, मोबाइलवरचं कळतं. (घरात मात्र मदत करते. सकाळचे चारही डबे तीच भरते. यांच्या डब्यात लोणचं नको, धाकट्याला शुक्रवारी पोळीऐवजी भाकरी, सासूबाईंचा डबा बिनमिठाचा. कधी चुकत नाही.) दहावीला बसवू की व्यवसाय शिकवू? आणि आमच्यामागे तिचं काय?

– एक आई, कळवा


ताई, नमस्कार.

पत्र थोडं छोटं केलं आहे, लेकीचं आणि शाळेचं नाव गाळलं आहे.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तुम्ही कंसात टाकलाय. वजाबाकी, घड्याळ, मुख्याध्यापक, नणंद हे सगळं ठळक, आणि चार डबे कंसात! मी पत्र उलटं वाचलं. चार माणसांचं चार तऱ्हेचं पथ्यपाणी आणि आवडीनिवडी लक्षात ठेवायच्या, वाराप्रमाणे बदल करायचा, आणि सगळ्यांच्या गाडीच्या वेळेआत डबे ओट्यावर तयार ठेवायचे. ठाण्यात रोज शेकडो डबे पाठवणाऱ्या बायका आहेत. त्यांना हे काम न चुकता करणारं माणूस शोधून मिळत नाही. तुमच्या घरात ते आहे आणि त्याला तुम्ही ‘मदत करते’ म्हणता.

आता तुमचा प्रश्न. दहावी की काम? माझं उत्तर, दोन्ही, आणि एकाच वेळी. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, पण इथे ठेवायचाच आहे. कारण एक दगड निसटला तर दुसरा लागेल.

आधी शाळेचं बघू, कारण तिथे घाई आहे. दाखला मागू नका, आणि त्यांनी हातात दिला तरी घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत, हे मूल आणि पालक ठरवतात. मुख्याध्यापक नाही. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, म्हणून बऱ्याच शाळांना वाटतं की चौदानंतर आपण मोकळे. तसं नाही. कलम १६ शाळांवर या मुलांना भेदभाव न करता दाखल करून घेण्याची आणि सोयी देण्याची जबाबदारी टाकतं. अनुदानित शाळा आणि नुसती मान्यता असलेली शाळा, दोघीही त्यात येतात. ‘आमचा शंभर टक्के निकाल’ हे कारण कायद्याच्या कुठल्याही कलमात बसत नाही.

मुख्याध्यापकांशी भांडायला जा असं मी म्हणत नाहीये. ते बहुतेक वाईट माणूस नसतील. त्यांच्यावर संस्थेचा दबाव असतो, दहावीच्या वर्गात साठ मुलं असतात आणि विशेष शिक्षक शाळेत नसतो. पण ही त्यांची अडचण आहे. ती तुमच्या लेकीच्या दाखल्यावर लिहून सुटायची नाही.

विशेष शाळांबद्दल माझं मन कलुषित नाही. ज्या मुलाला रोजची कामं हाताला धरून शिकवावी लागतात त्याच्यासाठी चांगली विशेष शाळा हे वरदान आहे. तिथल्या शिक्षकांना जे येतं ते साध्या शाळेतल्या दहा शिक्षकांना मिळून येत नाही. पण तुमच्या लेकीचं वय बघा. विशेष शाळा साधारण अठरापर्यंत ठेवतात, त्यापुढे कार्यशाळा. म्हणजे नऊ वर्षांपासूनच्या मैत्रिणी सोडून तिने नव्या जागी जायचं, रुळायचं, आणि रुळली की पुन्हा बाहेर. एवढ्यासाठी दाखला काढणं मला पटत नाही.

प्रमाणपत्रावरच्या त्या ५० टक्क्यांबद्दलही सांगते, कारण पुष्कळ वडील तो आकडा बघून खचतात. सौम्य म्हणजे ५०, मध्यम म्हणजे ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १००, असा तक्ता ठरलेला आहे. लेक निम्मीच आहे असा त्याचा अर्थ नाही. सवलतीच्या खिडकीवर दाखवायचा तो आकडा आहे. तिथेच वापरा. हे प्रमाणपत्र जुनं कागदी असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे स्वावलंबन कार्ड, काढून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात.

दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, भाषेऐवजी दुसरा विषय, गणिताला सातवीच्या पातळीचं अंकगणित, अशा सवलती दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे मिळतात. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो. आपला ठाणे जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो आणि त्याचं ऑफिस वाशीला आहे. शाळेने टाळाटाळ केली तर तिथे जाऊन कोणत्या सवलती लागू होतात ते स्वतः विचारा. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका, जूनमध्येच शाळेत कागद द्या. हातच्याची वजाबाकी चुकते म्हणून जी मुलगी दहावीला ‘झेपणार नाही’ ठरली, तिच्यासाठी अंकगणिताची सोय आधीपासून आहे, हे शाळेला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा.

एका गोष्टीत सावध राहा. ‘बरं, दाखला नको, मग १७ नंबरचा फॉर्म भरा’ असं शाळा सुचवेल. बाहेरून बसणाऱ्यांसाठी तो फॉर्म चांगलाच आहे, कामाला जाणाऱ्या कित्येक मुलांनी त्यावर दहावी काढली आहे. पण वर्गात बसणाऱ्या मुलीला १७ नंबरवर ढकललं की तिला शिकवायची जबाबदारी शाळेवर राहत नाही आणि शाळेच्या निकालात ती मोजलीही जात नाही. कोणाची सोय होतेय ते बघून घ्या.

नववी-दहावीचं गाडं खरंच अडलं, तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. दहावीला पाच विषय, त्यात गणित सक्तीचं नाही. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असले विषय घेता येतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं, आणि प्रमाणपत्र इतर बोर्डांच्या बरोबरीचं. दोष एकच, पण मोठा. मूल घरी बसून अभ्यास करतं, सोबत कोणी नसतं. म्हणून हा रस्ता दुसऱ्या क्रमांकाला ठेवा.

दहावी हवीच का, असं मिस्टर विचारतील. हवी, कारण आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडला, उमेदवारीच्या जागांना आणि साध्या शिपायाच्या अर्जालाही हा कागद विचारतात. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून आहे. जागा थोड्या, रांग लांब, तेव्हा त्यावर डोळे लावून बसू नका. पण कागद नसला तर रांगेतही उभं राहता येत नाही. आणि समजा दोन विषय राहिले, तर राहू देत. पुरवणी परीक्षा असते. त्यासाठी घरातली चूल बंद ठेवायची गरज नाही.

मुळात घरी बसवायचं नाही, हे आधी नक्की करा. शाळा सुटल्यावर दोन-तीन वर्षं घरात राहिलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. आलेलं वाचन जातं. वजन वाढतं. मोबाइल हातातून सुटत नाही. मग तेच आईवडील ‘हल्ली फार चिडते हो’ म्हणत येतात. चिडेल नाही तर काय? बरोबरीच्या मुली कॉलेजला चालल्यात, धाकटा क्लासला चाललाय, आणि हिला फक्त ‘दार लावून घे’ एवढंच काम.

आता व्यवसायाकडे येते. ‘काय शिकवू’ असं विचारलं की लोक यादी देतात. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, अगरबत्ती, फिनेल. या कामांना मी नावं ठेवत नाही, पण पणत्यांचं काम दिवाळीच्या आधी दोन महिने असतं. उरलेले दहा महिने काय? शिवाय घेणारा कौतुकाने एकदा घेतो. तिला जे आधीच येतं आणि ज्याला आपल्या गल्लीत बारमाही गिऱ्हाईक आहे, ते बघा. तुमच्या लेकीच्या बाबतीत ते उत्तर तुमच्या ओट्यावरच आहे. पोळीभाजी केंद्र, डबे पुरवणारं घरगुती स्वयंपाकघर, फराळाचं दुकान, एखाद्या रुग्णालयाचं किंवा कंपनीचं कँटीन. ऐरोली ते तुर्भे पट्ट्यात जेवढी ऑफिसं आणि कारखाने आहेत, तेवढ्यांना कुणीतरी डबे पुरवतंच.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्रात बौद्धिक दिव्यांगत्व असलेला एक तरुण काम करतो. त्याला पाचापर्यंत मोजता येतं, पुढे घसरतं. पाकिटात पोळ्या दहा जायच्या असतात. मालकीणबाईंनी त्याला दहा मोजायला शिकवायचा नाद केला नाही. त्याच्यापुढे दोन स्टीलच्या ताटल्या ठेवल्या. दोन्हींत पाच-पाच पोळ्या, मग दोन्ही चळती एका पाकिटात, आणि मग सीलिंग मशीन. तूप लावलेल्या पोळ्यांना पिवळा स्टिकर, बिनतुपाच्यांना पांढरा. पोळी फाटकी असली की तो ती बाजूला काढतो आणि कोणी कितीही घाई केली तरी पाकिटात टाकत नाही. बाईंचं म्हणणं, घाईच्या वेळी बाकीच्या मुली फाटकी पोळी मधे सरकवतात, हा मात्र नाही. सुरुवातीला तो गिऱ्हाइकाच्या फार जवळ जाऊन उभा राहायचा, ओळखीच्या माणसाला मिठी मारायचा. तिथे बोलून उपयोग झाला नाही. काउंटरच्या आत जमिनीवर रंगाचा पट्टा मारला, पट्ट्याच्या अलीकडून नमस्कार करायचा, एवढा एकच नियम. तो बसायला काही महिने लागले. संध्याकाळी सात ते नऊ तुफान गर्दी असते, तेव्हा तो नसतो. त्याची वेळ सकाळी दहा ते दोन. गल्ला आणि फोन त्याच्याकडे दिलेले नाहीत. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात.

यात विशेष तंत्र काय? काम बारीक तुकड्यांत फोडलं, जो तुकडा अडतो तिथे डोक्यावर भार न टाकता वस्तूची मांडणी बदलली, आणि माणसाला त्याच जागी शिकवलं जिथे तो पुढे काम करणार आहे. ही शेवटची बाब फार महत्त्वाची. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं जड जातं. वर्गातल्या ओव्हनवर शिकलेली मुलगी दुकानातल्या ओव्हनपुढे पुन्हा कोरी होते. तेव्हा आधी वर्षभर कोर्स आणि मग नोकरी, यापेक्षा आधी जागा शोधून तिथेच शिकवणं हे जास्त टिकतं.

म्हणून त्या ८५ हजारांच्या कोर्सबद्दल मी साशंक आहे. वाईटच असेल असं नाही. पैसे भरायच्या आधी तिथे जाऊन विचारा, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत? संस्थेच्याच दुकानात आहेत की बाहेर? बाहेर असतील तर एका-दोघांच्या पालकांशी बोलायला मिळेल का? हमी कागदावर आहे का, आणि सहा महिन्यांत नोकरी सुटली तर काय? उत्तर द्यायला कुरकुर झाली तर चहा पिऊन परत या. त्याच पैशांत एखाद्या स्पेशल एज्युकेटरला महिन्यातून काही तास कामाच्या जागी न्या, तुमच्या लेकीला आणि मालकालाही शिकवायला. ते पैसे जास्त कारणी लागतील.

फुकट किंवा नाममात्र खर्चात मदत मिळेल अशा तीन जागा तुमच्या टप्प्यात आहेत. नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र वाशीला आहे, दिव्यांग मुलांचं शिक्षण, थेरपी आणि प्रशिक्षण तिथे चालतं. तुम्ही ठाणे महापालिकेच्या हद्दीत राहता, तेव्हा नियम कुठे अडतो ते आधी फोनवर विचारा. महापालिकांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, तेव्हा ठाणे महापालिकेच्या समाजविकास विभागातही शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षणाचं विचारून या. दुसरी जागा खारघरला. बौद्धिक दिव्यांगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, एनआयईपीआयडीचं, प्रादेशिक केंद्र तिथे आहे. मूल्यमापन आणि व्यवसाय मार्गदर्शन यासाठी मी पहिलं नाव तेच घेईन. तिसरी शीवला, व्ही. एन. पुरव मार्गावर, केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं करिअर सेवा केंद्र. जुनी माणसं त्याला व्हीआरसी म्हणतात. तिथे कामाची क्षमता तपासतात आणि नोकरीसाठी नाव नोंदवतात. तिन्ही ठिकाणी लेकीला सोबत न्या आणि प्रश्न तिला विचारू द्या. आई उत्तर देत राहिली की समोरचा माणूस आईचंच मूल्यमापन करतो.

नणंदेचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मुलगी आहे, भोळी आहे, माणसं गैरफायदा घेतात. पण घरी ठेवलेल्या मुलींच्या बाबतीतही हे घडतं, आणि बऱ्याचदा ओळखीच्याच माणसाकडून. भिंत हा काही उपाय नाही. तालीम हवी. शरीराच्या सगळ्या भागांची नावं सरळ सांगा, न लाजता. ‘हे आपलं गुपित, आईला सांगू नको’ असं जो म्हणेल त्याचं नाव आईला सगळ्यात आधी सांगायचं, हे घरात नाटक करून दहादा करून घ्या. तुम्ही दुकानदार व्हा, ती ‘नको, हात लावू नका’ असं मोठ्याने म्हणेल. आवाज फुटला पाहिजे. पाळीच्या दिवसांत पॅड बदलणं, ते गुंडाळून टाकणं, कामाच्या जागी कुणाला सांगायचं, हेही तालमीतच. आणि मोबाइल वापरते म्हणता, तर ओटीपी कुणाला सांगायचा नाही आणि फोटो कुणाला पाठवायचा नाही, हेही त्याच दमात.

प्रवासाचं म्हणाल तर पहिली जागा कळव्यातच शोधा. चालत किंवा शेअर रिक्षाने. लोकल नंतर. ऐरोलीला कामाला जायची वेळ आली तर ठाण्याला उतरून पुलावरून नऊ-दहा नंबरवर जायचं, हा खरा कठीण तुकडा आहे. कळवा-ठाणे एकच स्टेशन, पण ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीत शहाणी माणसंही चुकतात. आधी हात धरून, मग दहा पावलं मागून, मग तुम्ही पुढच्या डब्यात आणि ती मागच्या, मग फक्त ठाण्याला भेटायचं. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. दिव्यांगांच्या डब्याचा पास काढून ठेवा, पण गर्दीच्या वेळी त्या डब्यात धडधाकट माणसं किती घुसतात ते तुम्ही रोज बघता. मी लेडीज डबा सुचवेन, रोज तीच गाडी आणि तोच दरवाजा. आपल्याकडे लेडीज डब्यात ग्रुप असतात. एकदा का त्यांनी तिला आपली मानली की चार मावश्या फुकट मिळतात.

पगाराबाबत स्पष्ट राहा. पहिले दोन-तीन महिने शिकाऊ म्हणून कमी पैसे, हे समजू शकतं. पण ‘तिला गुंतवून ठेवतोय हेच पुष्कळ’ असं मालक म्हणाला तर तिथून उठा. किती, कधीपासून, कोणत्या तारखेला, हे आधी ठरवा आणि पैसे तिच्याच खात्यात येऊ द्या. पहिल्या पगारातून तिला जे हवं ते घेऊ द्या, लिपस्टिक असो की पाणीपुरी.

अठरा पूर्ण झाल्यावर काय, हे थोडक्यात. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्व, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार, देते. सौम्य दिव्यांगत्व असेल तर हे पालकत्व घ्यायची घाई करू नका. बँकेचं खातं, पॅन, मतदार यादीत नाव हे सगळं तिचं तिला करता येईल तेवढं करू द्या. मोठ्या व्यवहारापुरती मदत लागली तर २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्याचा अर्ज मात्र आजच करा. मिस्टरांच्या आयकरात दिव्यांग अपत्यासाठीची ७५ हजारांची वजावट जुन्या करपद्धतीत बसते, बघून घ्यायला सांगा. आणि राहत्या घराबद्दल एक साधं मृत्युपत्र. वकिलाची फी त्या बेकरी कोर्सपेक्षा कमी असेल.

‘पुढे धाकटा आहेच’ हे वाक्य मात्र घरात बंद करा. धाकट्याला विचारलंय का कुणी? तो ऐकतो सगळं. आज बहिणीने भरलेला डबा खातो, तिच्यावर जीव असेल त्याचा. उद्या त्याला सांगितलं की ही तुझी जबाबदारी, की तोच जीव ओझ्याखाली जातो. स्वतः कमावणारी, स्वतः गाडी पकडणारी बहीण त्याला सांभाळायची नसते. तिच्यासोबत राहायचं असतं. त्याला ते जमेल.

आणि तिला विचारलंत का? अख्ख्या पत्रात मुख्याध्यापकांचं, मिस्टरांचं, नणंदेचं, संस्थेचं मत आहे. तिचं नाही. ‘तुला काय व्हायचंय’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुठलाच सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी धड देत नाही. या सुट्टीत ओळखीच्या दोन-तीन जागी सकाळचे दोन-दोन तास बसवा. एक पोळीभाजी केंद्र, एक किराणा दुकान जिथे सुटं धान्य काट्यावर तोलून पाकिटं करतात, एक बालवाडी. प्रत्येक ठिकाणी आठवडाभर. कुठे जायला ती स्वतःहून चप्पल घालते ते बघा.

सोमवारी शाळेत द्यायला अर्जाचा मजकूर देते. हाताने लिहिला तरी चालेल.

मा. मुख्याध्यापक यांस,
विषय : इयत्ता दहावीतील प्रवेश व परीक्षेतील सवलतींबाबत.
माझी मुलगी आपल्या शाळेत नववीत शिकत आहे. तिला ५० टक्के बौद्धिक दिव्यांगत्व असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तिने दहावीचे शिक्षण याच शाळेत नियमित विद्यार्थिनी म्हणून पूर्ण करावे अशी आमची व तिची इच्छा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६, १७ व ३१ विचारात घेऊन तिला आवश्यक त्या सोयी द्याव्यात, तसेच तिला लागू होणाऱ्या परीक्षा सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मुंबई विभागीय मंडळाकडे पाठवावा, ही विनंती. शाळेचा निर्णय यापेक्षा वेगळा असल्यास तो कारणांसह लेखी कळवावा.

शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी ‘दाखला घेऊन जा’ म्हणणारे बहुतेक लोक तेच लेखी द्यायला तयार होत नाहीत, आणि तिथेच निम्मं काम होतं. तरीही नकार लेखी आला, तर तो कागद घेऊन माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथेही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. अर्जाच्या दोन प्रती काढा, आणि तुमच्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून निघू नका.